चीनला निघताय? बॅगेच्या आधी फोन भरा

यिवूच्या बाजारात माल बघायला जाणारे व्यापारी, क्वांगचौच्या कॅन्टन फेअरला जाणारे उद्योजक, वैद्यकीय शिक्षणासाठी जाणारी मुलं, कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलेले इंजिनिअर. पहिल्या दिवशी सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं. खिशात पैसे असतात, पण ते देता येत नाहीत. नोट पुढे केली तर गल्ल्यावरची मुलगी सुटे शोधत बसते, आणि आपलं कार्ड घासायचं यंत्रच दुकानात नसतं.

यूपीआयमुळे क्यूआर कोड आपल्याला नवा नाही, त्यामुळे यात शिकण्यासारखं काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण यूपीआय ही सामाईक सोय आहे. अ‍ॅप कुठलंही वापरा, कोड कुणाचाही चालतो, आणि पैसे देऊन झाले की अ‍ॅपचं काम संपलं. चीनमध्ये वुईचॅट आणि अलीपे या दोन अ‍ॅप्सच्या पोटात टॅक्सी, रेल्वे, दवाखाना, वीजबिल, शाळेचा निरोप, घरमालक आणि पोलीस चौकीतली नोंदणी असं सगळं आहे. ही अ‍ॅप्स तुम्हाला ओळखतात ती पासपोर्ट, फोन नंबर आणि बँक खातं यांच्या साखळीतून. ही साखळी कुठल्या क्रमाने जोडायची, हे आधी समजून घ्या. क्रम चुकला तर आठवडाभर या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरायची वेळ येते.

दोघांची ओळख

अलीपे २००४ चं. अलीबाबाच्या ताओबाओ या खरेदीच्या साइटवर अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे द्यायला लोक कचरत होते. त्यावर तोडगा निघाला तो असा की ग्राहकाने पैसे मध्यस्थाकडे ठेवायचे, आणि माल हातात पडून त्याने होकार दिला की मग ते विक्रेत्याला मिळायचे. चिनी लोक अलीपेला ‘झिफूबाओ’ म्हणतात.

वुईचॅट, म्हणजे तिथलं ‘वेइशिन’, शेन्चेनच्या टेन्सेंट कंपनीने २०११ च्या जानेवारीत आणलं, तेव्हा ते फक्त गप्पांसाठी होतं. २०१४ च्या चिनी नववर्षात त्यात ‘होंगबाओ’ आले. सणाला लाल पाकिटातून पैसे द्यायची जुनी रीत फोनवर आली, आणि मिळालेले पैसे काढायचे तर बँकेचं कार्ड जोडणं भाग पडलं. एवढ्या लोकांना पैशांच्या अ‍ॅपकडे वळवायला यापेक्षा हुशार युक्ती मला तरी माहीत नाही. २०१७ च्या जानेवारीत मिनी प्रोग्राम आले. ही अ‍ॅपच्या आतच उघडणारी छोटी अ‍ॅप्स, वेगळी उतरवून घ्यावी लागत नाहीत. टॅक्सी कंपनीपासून कोपऱ्यावरच्या नूडलवाल्यापर्यंत ज्याचं त्याचं दुकान तिथे आहे.

माझा हिशेब सरळ आहे. अलीपे पैशांसाठी, वुईचॅट माणसांसाठी. दहा दिवसांच्या कामाला चाललात तर अलीपेवर भागेल. राहायला चाललात तर दोन्ही हवीत, आणि वुईचॅट नसेल तर तुम्ही तिथे नसल्यातच जमा आहात.

पायरी १: भारतात असतानाच

बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावर आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन असे दोन्ही व्यवहार सुरू करा. नव्या कार्डांवर हे बंदच असतात. शक्य असेल तर व्हिसा आणि मास्टरकार्ड असं एकेक कार्ड जवळ ठेवा, एक अडलं तर दुसरं चालतं.

कार्ड जोडताना ओटीपी येतो तो भारतातल्या नंबरवर. म्हणून भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतल्याशिवाय विमानात बसू नका. त्याचा दुसरा फायदाही आहे. व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, यूट्यूब, इन्स्टाग्राम हे सगळं चीनमध्ये अडवलेलं आहे, पण परदेशी सिमचा रोमिंग डेटा आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यातून जातो, त्यामुळे त्यावर ही अ‍ॅप्स उघडतात. पहिल्या रात्री आईला ‘पोचलो’ म्हणून कळवायचं तर हाच मार्ग. हॉटेलच्या वायफायवर तो निरोप जाणार नाही.

वुईचॅटवर भारतात बंदी आहे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसकट ५९ अ‍ॅप्स बंद झाली, त्यात तेही होतं. ते इथूनच उतरवून घ्यायची खटपट नको, तिथे गेल्यावर बघा. घरच्यांनाही सांगून ठेवा की तुमचं वुईचॅट त्यांच्या कामाचं नाही.

पॉवर बँक घेताना त्यावर चीनची ‘थ्री सी’ ही सुरक्षेची खूण आहे का ते पाहा. २८ जून २०२५ पासून ही खूण नसलेली पॉवर बँक चीनच्या देशांतर्गत विमानांत नेता येत नाही. बीजिंगला उतरून पुढे चेंगदूचं विमान धरणाऱ्याची पॉवर बँक तपासणीतच काढून घेतात. तिथे पोचून घेतलीत तर हा प्रश्नच उरत नाही. हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीत छापून कागदावर ठेवा. थोडे युआनही रोख असू द्या.

पायरी २: उतरल्यावर पहिल्या तासात अलीपे

रोमिंग डेटा चालू असतानाच अलीपे उतरवून घ्या. भारतीय नंबरने खातं उघडा, पासपोर्टचा फोटो द्या, कार्ड जोडा. २०२३ च्या जुलैपासून परदेशी कार्डांची सोय बरीच वाढली आहे आणि अ‍ॅपमध्ये इंग्रजीही आहे. परदेशी कार्डाने दिलेलं बिल २०० युआनपर्यंत असेल तर वरचं शुल्क लागत नाही, त्यापुढच्या बिलावर ३ टक्के लागतं. दुकानदार तयार असेल आणि मागे रांग नसेल, तर मोठं बिल दोन भागांत देणारे हुशार लोक मी पाहिले आहेत.

पैसे द्यायच्या दोन तऱ्हा आहेत. भाजीवाल्याकडे निळा आणि हिरवा असे दोन छापील कोड शेजारीशेजारी टांगलेले असतात. निळा अलीपेचा, हिरवा वुईचॅटचा. आपण स्कॅन करायचा, आकडा टाकायचा. पैसे पोचले की तिथला स्पीकर रक्कम ओरडून सांगतो, अगदी आपल्या किराणा दुकानातल्यासारखा. मोठ्या दुकानात उलटं असतं. तुम्ही आपला कोड दाखवायचा आणि गल्ल्यावरचा माणूस तो टिपून घेतो. हा कोड दर मिनिटाला बदलतो, आणि लहान रकमेला पासवर्डही विचारत नाही. म्हणून रांगेत फार आधीपासून तो उघडून उभे राहू नका, आणि त्याचा स्क्रीनशॉट कुणालाही पाठवू नका, मागणारा कितीही गोड बोलला तरी.

एक अडचण लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या काही विक्रेत्यांचा कोड दुकानाचा नसून त्यांचा वैयक्तिक असतो, आणि परदेशी कार्डाने माणसाकडून माणसाकडे पैसे बहुधा जात नाहीत. होंगबाओचंही तसंच. रोख ठेवा म्हटलं ते यासाठी. नोट नाकारणं तिथे बेकायदा आहे, मध्यवर्ती बँकेने ते वेळोवेळी बजावलंही आहे. पण विक्रेत्याकडे सुटे नसतील तर कायदा काय करणार!

पायरी ३: सिम, मग बँक, आणि नावाचा घोळ

राहायला आलेल्यांनी दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घेऊन चायना मोबाइल, चायना युनिकॉम किंवा चायना टेलिकॉमच्या मोठ्या दुकानात जावं. कोपऱ्यावरच्या टपरीत परदेशी पासपोर्टची नोंद बहुधा होत नाही. सिम मिळालं की ते घेऊन बँकेत जायचं. ज्यांना विद्यापीठ किंवा कंपनी सोबत माणूस देते त्यांनी तो नक्की घ्यावा.

आता मराठी माणसाची खास अडचण. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात असतं आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. सिमच्या दुकानातला कारकून ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ असं टाकतो. बँकेतली बाई ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ असं टाकते. तिसरीकडे वडिलांचं नाव गळूनच जातं. माणसाच्या डोळ्यांना तिन्ही नावं एकाच माणसाची दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी माणसं असतात. महिन्याभराने वुईचॅटमध्ये बँकेचं कार्ड जोडायला जाता, तेव्हा ‘माहिती जुळत नाही’ एवढाच निरोप येतो आणि कुठली माहिती ते कुणीच सांगत नाही. त्यामुळे पहिल्या सिमच्या वेळीच पडद्यावर नाव कसं टाकलं आहे ते बघा, त्याचा फोटो घ्या, आणि बँकेत तोच फोटो दाखवून ‘असंच, याच क्रमाने, शब्दांमधली मोकळी जागाही अशीच’ म्हणून सांगा. मागे रांग खोळंबली तरी चालेल. या दहा मिनिटांत पुढचे बरेच फेरे वाचतात.

हॉटेलात न राहता भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे उतरलात, तर २४ तासांत स्थानिक पोलीस चौकीत नोंद करावी लागते. हॉटेलवाले ती स्वतःच करतात. बऱ्याच शहरांत आता हेही कोड स्कॅन करून होतं. पण पहिल्यांदा घरमालकाला घेऊन प्रत्यक्ष जावं.

पायरी ४: वुईचॅट, आणि त्यातली रीतभात

आयफोनवर अ‍ॅप स्टोअरचा देश बदलावा लागतो. अँड्रॉइडवर वेइशिनच्या अधिकृत संकेतस्थळावरून अ‍ॅप घ्यावं. खातं उघडताना पुष्कळदा एखाद्या जुन्या वापरकर्त्याने तुमचा कोड स्कॅन करून हमी द्यावी लागते. वर्गातला सीनियर किंवा कंपनीतला सहकारी आधीच ठरवून ठेवा. हे काम रस्त्यात भेटलेल्या परक्यावर सोपवायचं नाही.

ओळख झाली की तिथे व्हिजिटिंग कार्ड निघत नाही, फोन निघतो. ‘मी तुझा स्कॅन करू की तू माझा?’ असं विचारलं की पुढचं सगळं आपोआप होतं. जोडल्याजोडल्या समोरच्याच्या नावापुढे टीप लिहून ठेवा. ‘यिवू, झिपरवाला, तिसरा मजला’ अशी. लोक तिथे टोपणनावं आणि मांजरांचे फोटो लावतात, दोन दिवसांनी कोण कोण ते कळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सवयी इथे उपयोगाच्या नाहीत. निळ्या खुणा नाहीत, ‘शेवटी कधी ऑनलाइन होता’ हेही दिसत नाही. त्यामुळे समोरच्याने वाचलं की नाही हे फक्त उत्तरावरून कळतं, आणि म्हणूनच उत्तर देण्याचा शिष्टाचार पक्का आहे. वर्गाच्या किंवा कंपनीच्या ग्रुपवर शिक्षकाने, साहेबाने सूचना टाकली की खाली ओळीने ‘शोउदाओ’, ‘शोउदाओ’, ‘शोउदाओ’ येत जातं. मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. रात्री साडेअकरालाही येतं. चाळीस जणांच्या वर्गात एकोणचाळीस शोउदाओ आले आणि तुमचा आला नाही, तर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. सहलीला कोण येणार, वसतिगृहात कोण राहणार, हे विचारलं की पहिला माणूस ‘१. अमुक’ लिहितो, दुसरा ती यादी उचलून खाली ‘२. तमुक’ जोडतो. त्या यादीत आपलं नाव वेळेत घाला. मागाहून वेगळा निरोप पाठवून ‘माझंही धरा’ म्हणणं तिथे खपत नाही.

साधा हसरा पिवळा चेहरा तरुण मंडळींना पाठवू नका. त्यांच्या लेखी तो थंडपणाचा, ‘बरं, कळलं’ छापाचा आहे. साठ सेकंदांचे आवाजी निरोप एकामागून एक पाठवणंही उद्धटपणाचं मानतात. साहेबाने पाठवले तर मात्र ऐकावे लागतात, हे जगभर सारखंच.

गप्पा तुमच्या फोनवरच राहतात, कंपनीच्या साठ्यात नाही. फोन बदलताना किंवा हरवल्यास त्या जातात. व्यापाऱ्यांनी भाव, रंग, नगांची संख्या ठरलेले निरोप दर आठवड्याला लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत. पुढे वाद झाला तर दाखवायला तेच असतं.

पायरी ५: रोजचं जगणं

टॅक्सीसाठी अलीपेतूनच ‘दीदी’ ही टॅक्सी बोलावायची सेवा उघडा. ड्रायव्हरशी होणारं लेखी बोलणं आपोआप भाषांतरित होतं. गाडीत बसल्यावर ड्रायव्हर ‘वेइहाओ?’ असं काहीतरी विचारेल. त्याला तुमच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे हवे आहेत. ते चिनीत म्हणायची तालीम करून ठेवा, किंवा बोटं दाखवा.

मेट्रोसाठी अलीपेत शहर निवडलं की प्रवासाचा कोड मिळतो. आत जाताना टिपलेला कोड बाहेर पडतानाही लागतो, तेव्हा मध्येच फोनची बॅटरी संपली तर फाटकापाशीच अडकता. उसनी पॉवर बँक देणारी यंत्रं दुकानादुकानांत आहेत, पण ती उघडायलाही फोन चालू हवा!

रेल्वेसाठी १२३०६ हे सरकारी अ‍ॅप. त्यावर पासपोर्टची पडताळणी आधीच करून ठेवा, कारण तिला वेळ लागतो आणि तिकिटं साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात. कागदी तिकीट नसतं, पासपोर्टच तिकीट. आपोआप उघडणारं फाटक परदेशी पासपोर्ट वाचत नसेल, तर कडेला माणूस बसलेला असतो, तिकडे जा.

खानावळीत टेबलावरचा कोड स्कॅन करून मेन्यू उघडायचा, निवडायचं, पैसे द्यायचे. मेन्यू चिनीत असतो, त्याचा फोटो काढून भाषांतर करावं. शाकाहारी मंडळींनी ‘वो छर सू’ हे पाठ करावं आणि त्यावर विसंबू नये. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते आणि रश्श्याचं पाणी हाडांचं असू शकतं. तेव्हा ‘मांस नाही, चरबी नाही, हाडांचं पाणी नाही, अंडं नाही’ हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि वाढणाऱ्याला दाखवा. मेइत्वान या जेवण घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवरून घरी मागवताना टिपेच्या जागी तेच चिकटवा.

पार्सल दारात येईलच असं नाही. सोसायटीजवळच्या पार्सल केंद्रात ते जातं आणि तुम्हाला आकड्यांचा कोड येतो. पहिला आकडा कपाटाचा, मग फळीचा, मग वस्तूचा. स्वतः शोधायचं, यंत्राखाली धरायचं, निघायचं.

आजारी पडलात तर सरकारी रुग्णालयाच्या मिनी प्रोग्रामवर आधी ‘ग्वाहाओ’, म्हणजे नंबर लावावा लागतो. विभाग निवडायचा, डॉक्टर निवडायचा, वेळ घ्यायची, फी भरायची. डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहिली की त्याचे पैसे आधी फोनवर भरायचे, मगच सुई. क्ष-किरण, औषध, प्रत्येक टप्प्याला हेच. रिपोर्टही फोनवरच येतो, बहुतेकदा तासा-दोन तासांत. सवय झाली की हे फार सुटसुटीत वाटतं. ताप १०३ असताना आणि चिनी येत नसताना वाटत नाही. पहिल्या वेळी सोबत कुणाला तरी न्या. रुग्णालयात मदतीचं टेबल असतं, फोन नसलेले म्हातारे लोक तिथेच जातात. तुम्हीही बिनदिक्कत जा.

पायरी ६: कशाला हात लावू नये

भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ‘रुपये द्या, युआन घ्या’ असे निरोप फिरतात. भाव बँकेपेक्षा चांगला असतो. करू नका. खासगी चलनबदल तिथे बेकायदा आहे, आणि समोरून आलेले युआन एखाद्या ऑनलाइन फसवणुकीतले निघाले तर तुमचं बँक खातं गोठतं. मग फी भरायची मुदत असो की घरभाड्याची, पोलिसांकडे खेटे घालणं आलंच. आपलं सिम, कार्ड किंवा वुईचॅट खातं कुणाला भाड्याने वा उसनं देणं हाही गुन्हा ठरतो.

ग्रुपवर काय लिहिलं जातं यावर तिथे नजर असते, हे धरून चाला. सीमावाद, नकाशे, तिथलं राजकारण, घरून आलेले देशभक्तीचे फॉरवर्ड, यांतलं काहीही टाकू नका. खातं बंद झालं तर नुसत्या गप्पा जात नाहीत, पाकीट, ओळखी, तिकिटं सगळंच कुलपात जातं. सगळ्या चाव्या एका जुडग्यात असल्या की काय होतं, ते २०२२ च्या जूनमध्ये चंगचौ शहरात दिसलं. करोनाकाळात फोनवरचा आरोग्य कोड हिरवा असेल तरच कुठेही प्रवेश मिळे. हनान प्रांतातल्या काही ग्रामीण बँकांत पैसे अडकलेले ठेवीदार तक्रार घेऊन निघाले, आणि त्यांचे कोड अचानक लाल झाले. आजार नव्हता, काही नव्हतं. १,३१७ ठेवीदारांच्या बाबतीत हे झालं, आणि पुढे पाच अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. आरोग्य कोड आता गेला आहे, पण मी नव्या मुलांना हा किस्सा मुद्दाम सांगतो. एका अ‍ॅपवर सगळं सोपवू नये. अलीपे आणि वुईचॅट दोन्ही ठेवा, दोन कार्डं ठेवा, थोडी रोख ठेवा, आणि महत्त्वाचे नंबर कागदावर ठेवा.

पायरी ७: परत निघताना

हीच साखळी आता उलट्या क्रमाने सोडवायची. आधी दोन्ही अ‍ॅप्सच्या पाकिटांतली शिल्लक बँकेत काढून घ्या. वुईचॅटमधून काढताना पहिल्या १,००० युआनवर शुल्क नाही, पुढे ०.१ टक्का कापतात. घरभाड्याची अनामत परत आली का, भाड्याच्या सायकलीचं किंवा उसन्या पॉवर बँकेचं काही बाकी आहे का, ते पाहा. मग कार्ड अ‍ॅपमधून काढा, मग बँक खातं बंद करा, आणि सिम सगळ्यांत शेवटी, कारण प्रत्येक टप्प्यावर ओटीपी त्याच नंबरवर येतो. सिम आधी बंद करून बसलेल्यांचे पैसे पाकिटात दिसतात आणि हातात येत नाहीत. सिम नुसतं फेकूनही देऊ नका. तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो, आणि तुमचं खातं तेव्हाही त्याला जोडलेलं असेल तर त्रास दोघांनाही होतो.

शिक्षक, मालाचे पुरवठादार, घरमालक, यांचे ईमेल पत्ते विमानात बसण्याआधी मागून घ्या. भारतात उतरल्यावर त्यांना गाठायला वुईचॅट नसेल, आणि पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत किंवा राहिलेल्या कंटेनरची कागदपत्रं लागतात ती नेमकी तेव्हाच.